‘येस प्राइम मिनिस्टर’: १९८७ चा संगणक-खेळ आज घरी कसा चालवावा आणि कसा खेळावा

१९८७ साली ब्रिटनमध्ये घरगुती संगणकासाठी एक खेळ बाजारात आला. त्यात बंदूक नव्हती, उड्या नव्हत्या, शत्रूची विमानंही नव्हती. पंतप्रधानांची खोली, टेबल, फोन, कागद आणि तुमच्याकडून हवं ते वदवून घ्यायला आलेला एक अतिशय हुशार सनदी अधिकारी, एवढाच त्याचा पसारा. नाव ‘येस प्राइम मिनिस्टर’. ऑक्सफर्ड डिजिटल एंटरप्रायझेसने तो तयार केला आणि मोझाइक पब्लिशिंगने प्रकाशित केला.

ज्या मालिकेवर तो बेतला आहे ती बऱ्याच मराठी वाचकांच्या ओळखीची असेल. बीबीसीवर १९८० ते १९८४ ‘येस मिनिस्टर’ आणि १९८६ ते १९८८ ‘येस, प्राइम मिनिस्टर’. लेखक अँटनी जे आणि जोनाथन लिन. पॉल एडिंग्टन झाले मंत्री आणि पुढे पंतप्रधान जिम हॅकर, नायजेल हॉथॉर्न त्यांचे सनदी अधिकारी सर हम्फ्री अ‍ॅपलबी आणि डेरेक फाउल्ड्स खासगी सचिव बर्नार्ड वूली. आपल्याकडे २००१ मध्ये स्टार प्लसवर तिचाच हिंदी अवतार ‘जी मंत्रीजी’ आला, त्यात मंत्री होते फारुख शेख.

त्या काळी टीव्ही मालिकेच्या नावावर खेळ काढायचा म्हणजे बहुतेक वेळा लोकप्रिय पात्राचा चेहरा लावून तीच नेहमीची पळापळ विकायची, असा प्रकार चालत असे. या खेळाने मालिकेचा गाभाच उचलला. ‘येस प्राइम मिनिस्टर’ म्हणजे खोलीत बसून बोलणारी माणसं, आणि खेळातही तुम्ही तेच करता: ऐकता, वाचता आणि उत्तर निवडता. म्हणून तो चालवताना एक गोष्ट पहिल्यापासून सांभाळायची, ती म्हणजे प्रत्येक वाक्य नीट वाचता आलं पाहिजे आणि हवं तेव्हा थांबून मागे जाता आलं पाहिजे. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या हिशेबाने लिहिल्या आहेत.

पायरी १: आवृत्ती निवडा

खेळ झेडएक्स स्पेक्ट्रम, कमोडोर ६४, अ‍ॅमस्ट्रॅड सीपीसी, बीबीसी मायक्रो आणि आयबीएम पीसी या संगणकांसाठी निघाला. प्रत्येकाची कॅसेट किंवा डिस्क वेगळी असते आणि एकाची दुसऱ्यावर चालत नाही. विकत घेताना खोक्यावरचं यंत्राचं नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. जुन्या विक्रेत्यांच्या जाहिरातीत नुसतं खेळाचं नाव असतं, यंत्राचं नसतं.

माझी शिफारस स्पेक्ट्रम आवृत्तीची आहे. सिंक्लेअर कंपनीचा हा संगणक एप्रिल १९८२ मध्ये आला. त्याचे एमुलेटर, म्हणजे आजच्या संगणकाला जुन्या यंत्रासारखं वागायला लावणारे प्रोग्राम, सर्वात पक्के झालेले आहेत. कॅसेटचं स्वरूपही इतकं सरळ आहे की घरच्या घरी तिची डिजिटल प्रत करता येते. भारतातही हा संगणक परका नव्हता. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन तो ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने इथे विकला होता.

ज्यांनी शाळेत पहिला संगणक पाहिला तो बीबीसी मायक्रो होता, त्यांना ती आवृत्ती जवळची वाटेल. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या केंद्र सरकारच्या प्रकल्पात सुरुवातीला देशातल्या सुमारे २५० शाळांना हेच संगणक दिले गेले होते. त्यासाठी ‘बीबेम’ किंवा ब्राउझरमध्येच चालणारा ‘जेएसबीब’ वापरता येतो. डिस्कची फाईल जोडायची, शिफ्ट दाबून धरायचं आणि ब्रेक दाबायचं, की डिस्क आपोआप सुरू होते. पीसी आवृत्तीला ‘डॉसबॉक्स’ लागतो, कमोडोरला ‘व्हाइस’. इथून पुढे मी स्पेक्ट्रमबद्दलच लिहितो.

पायरी २: प्रत कायदेशीर हवी

खेळ जुना झाला म्हणून त्यावरचा हक्क संपत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये मात्र एक सोय आहे. संगणक-प्रोग्रामची प्रत ज्याच्याकडे रीतसर आहे, त्याला ती हरवण्या-बिघडण्यापासून संरक्षण म्हणून बॅकअप प्रत करता येते. त्यामुळे मूळ कॅसेट विकत घ्यायची आणि स्वतःच्या वापरासाठी तिची डिजिटल प्रत करायची, हा मार्ग स्वच्छ आहे. विकत घेताना आतली सूचनापत्रिका आहे का हे विचारा. असल्यास चार पैसे जास्त द्या, कारण कळा कोणत्या आणि पडद्यावरची चित्रं कशासाठी हे तिच्यातच छापलेलं असतं.

स्पेक्ट्रमच्या आतल्या मूळ प्रोग्रामबद्दल, म्हणजे रॉमबद्दल, चिंता नको. १९८६ मध्ये सिंक्लेअरचा संगणक-व्यवसाय अ‍ॅमस्ट्रॅडने विकत घेतला आणि १९९९ मध्ये एमुलेटरसोबत या रॉम वाटायला परवानगी दिली. म्हणून एमुलेटर उतरवला की त्या आपसूक येतात.

पायरी ३: कॅसेटची डिजिटल प्रत करा

हे काम घाईघाईत उरकायचं नाही. चुंबकीय फीत दरवर्षी थोडी थोडी खराब होते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात तिला बुरशी लागते. कोकणात आणि मुंबईत तर हमखास. कॅसेट हातात आली की आधी उजेडात धरून फितीची कड पाहा. पांढरे ठिपके किंवा धाग्यासारखं काही दिसलं तर ती चांगल्या टेपरेकॉर्डरमध्ये घालू नका. बुरशी हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, चिकटते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. अशी कॅसेट जुन्या फिती साफ करणाऱ्या जाणकाराकडेच द्यावी.

कॅसेट स्वच्छ असेल तर:

पहिलं काम, वरच्या कडेच्या दोन खाचा पाहा. त्यांतली प्लॅस्टिकची चकती तोडलेली असेल तर चुकून काही रेकॉर्ड होणार नाही. चकत्या शाबूत असतील तर तोडून टाका. मग फेल्टची छोटी गादी जागेवर आहे का ते बघा. जुन्या कॅसेटमधली ती गळून पडते आणि मग फीत हेडला नीट टेकत नाही.

टेपरेकॉर्डरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा. रबरी चाकही पुसा. पाच मिनिटं वाळू द्या. नंतर कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवा, म्हणजे वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून बसलेले फितीचे थर मोकळे होतात.

टेपरेकॉर्डर संगणकाला जोडताना आजच्या लॅपटॉपचं एकच भोक उपयोगाचं नसतं, कारण ते माईकसाठी असतं. लाइन-इन असलेलं यूएसबी ऑडिओ अ‍ॅडॉप्टर घ्या. ‘ऑडॅसिटी’ या मोफत प्रोग्राममध्ये ४४,१०० हर्ट्‌झ, १६ बिट असं ठेवून रेकॉर्डिंग करा. आवाजाची पातळी इतकी ठेवा की लाट सर्वात उंच जाईल तेव्हाही वर थोडी जागा उरेल. लाटेचं डोकं सपाट दिसलं तर आवाज कमी करून पुन्हा घ्या. टेपरेकॉर्डरवर डॉल्बीचं बटण असेल तर बंद. बास, ट्रेबल मधोमध. ऑडॅसिटीतलं आवाज स्वच्छ करण्याचं कोणतंही साधन वापरू नका. कानाला जी खरखर वाटते तीच इथे माहिती आहे.

ती माहिती फितीवर कशी असते हे कळलं की अर्ध्या अडचणी तिथेच सुटतात. स्पेक्ट्रम प्रत्येक बिटसाठी, म्हणजे प्रत्येक शून्य किंवा एकसाठी, एक लाट लिहितो. शून्याची लाट आखूड, एकची बरोबर दुप्पट लांब. म्हणजे शून्याचा सूर साधारण २,००० हर्ट्‌झचा आणि एकचा साधारण १,००० चा. प्रत्येक भागाच्या आधी सुमारे ८०० हर्ट्‌झचा एक लांब, सलग सूर असतो. त्यावरून यंत्र आपली लय जुळवून घेतं. लोड करताना यंत्र फक्त लाटेची लांबी मोजत असतं, आवाज गोड आहे की कर्कश याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. म्हणूनच दोन गोष्टी घात करतात. एक, फितीचा वेग वर-खाली होणं. दुसरी, हेड किंचित तिरकं असणं. हेड तिरकं असलं की वरचे सूर दबतात आणि आखूड लाटा पुसट होतात.

हेडच्या शेजारी एक बारीक स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून तो अगदी हलके, पाव फेऱ्याच्या आत, इकडे-तिकडे फिरवा. आवाज जिथे सर्वात टोकदार, कानाला टोचणारा होईल तिथे थांबा. मूळ जागा आधी स्केचपेनने खूण करून ठेवा, म्हणजे गाण्याच्या कॅसेटसाठी परत आणता येईल.

अजून एक गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. स्टिरिओ टेपरेकॉर्डरवरून घेतलं असेल तर डावी-उजवी बाजू मिसळून मोनो करू नका. हेड जरासं तिरकं असलं की दोन्ही बाजूंच्या लाटा एकमेकींच्या मागेपुढे येतात आणि मिसळल्यावर दोन्ही बिघडतात. दोन्हींपैकी जी बाजू स्वच्छ दिसते ती ठेवा, दुसरी काढून टाका.

कॅसेटच्या दोन्ही बाजू रेकॉर्ड करा. फाईल वेव्ह स्वरूपातच जपा. एमपी३ केलीत तर आखूड लाटांच्या कडा जातात आणि सगळी मेहनत वाया जाते. त्यानंतर ‘फ्यूज’ एमुलेटरसोबत मिळणाऱ्या साधनांपैकी ‘ऑडिओटूटेप’ वापरून त्या वेव्हची टीझेडएक्स फाईल करा. ही फाईल काही केबींची असते आणि तिच्यात प्रत्येक भाग वेगळा नोंदलेला असतो. एखादा भाग सदोष निघाला तर पुन्हा स्क्रूपासून सुरुवात करा. दोन-तीन रेकॉर्डिंगमधला प्रत्येक भाग जिथे चांगला आला असेल तिथून घेऊन एक पूर्ण फाईल जोडता येते.

पायरी ४: फ्यूज एमुलेटरवर खेळ सुरू करा

फ्यूज विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर मोफत मिळतो. मोबाइलवरही स्पेक्ट्रमचे एमुलेटर आहेत, पण हा खेळ मोबाइलवर खेळू नये असं माझं स्पष्ट मत आहे. लहान पडद्यावर मजकूर वाचायचा कंटाळा येतो, आणि वाचन टाळलं की खेळच उरत नाही.

फ्यूज उघडल्यावर एफ९ दाबून यंत्र म्हणून ‘स्पेक्ट्रम ४८के’ निवडा. एफ३ दाबून आपली टीझेडएक्स फाईल उघडा. बहुतेक वेळा लोडिंग आपोआप सुरू होतं. नाही झालं तर हाताने करायचं: ‘जे’ ही कळ दाबली की पडद्यावर लोड हा पूर्ण शब्द उमटतो. स्पेक्ट्रमवर कळा अक्षरांऐवजी आख्खे शब्द देत असत, त्यामुळे ल-ओ-ड असं टाइप करू नका. मग कंट्रोल दाबून धरून ‘पी’ दोनदा, म्हणजे दोन अवतरणचिन्हं येतील. नंतर एंटर. तरीही फीत हलत नसेल तर एफ८, म्हणजे टेपरेकॉर्डरचं प्ले बटण.

फ्यूज प्रमाणित भाग क्षणात आत घेतो. पण पहिल्यांदा तरी ही झटपट सोय पर्यायांमध्ये जाऊन बंद करा आणि खरं लोडिंग पाहा. पडद्याच्या कडेला आधी लाल-आकाशी जाड पट्टे येतात, तो लय जुळवणारा सूर. मग निळे-पिवळे बारीक पट्टे, ती माहिती. पडदाभर चित्र ओळीओळीने उमटतं. संपूर्ण खेळ आत यायला काही मिनिटं लागतात, आणि १९८७ मध्ये इंग्लंडातल्या एखाद्या मुलाने शाळेतून आल्यावर हेच पाहिलं असणार.

खेळ आत आला की लगेच एफ२ दाबून त्या क्षणाची स्थिती साठवा. याला स्नॅपशॉट म्हणतात. पुढच्या वेळी लोडिंगची गरज नाही, स्नॅपशॉट उघडला की थेट तिथूनच सुरू. खेळ मध्येच फितीचा पुढचा भाग मागत असेल तर फीत मुळापासून फिरवू नका, जिथे थांबली आहे तिथूनच एफ८ दाबा.

लोड होत नसेल तर

‘टेप लोडिंग एरर’ असा संदेश आला तर फाईलमधला एखादा भाग चुकीचा वाचला गेलाय. पायरी ३ कडे परत जा. लाल-आकाशी पट्टे येतात पण निळे-पिवळे येत नाहीत, याचा अर्थ यंत्राला सूर ऐकू येतोय पण माहिती सुरू झाल्याची खूण सापडत नाही. रेकॉर्डिंगची पातळी कमी असावी किंवा लाट उलटी असावी. ऑडॅसिटीत लाट उलटी करून पुन्हा टीझेडएक्स बनवून पाहा. सगळं लोड होऊन पडदा काळा पडला किंवा यंत्र पुन्हा सुरू झालं तर ४८के ऐवजी १२८के निवडलं गेलंय का बघा, आणि झटपट लोडिंग बंद करून पाहा. कळा दाबल्या तरी कर्सर हलत नसेल तर एमुलेटरमध्ये जॉयस्टिकचा प्रकार आणि खेळात निवडलेला प्रकार एकच आहे का हे तपासा.

खऱ्या यंत्रावर चालवायचं असेल तर

घरात डीबी स्पेक्ट्रम प्लस किंवा कोणाकडून आलेला मूळ स्पेक्ट्रम पडून असेल तर त्याला असाच वीजपुरवठा जोडू नका. याला ९ व्होल्ट डीसी लागतो आणि पिनचं मधलं टोक ऋण असतं. बाजारात मिळणारे बहुतेक अ‍ॅडॉप्टर याच्या उलट असतात. उलटं जोडलं तर यंत्र जळतं. आतल्या पहिल्या १६ केबी मेमरीच्या चिप्सना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात, आणि ते पुरवणारा भाग बिघडला की चिप्सही जातात. म्हणून आधी एखाद्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्या मिस्त्रींकडून व्होल्टेज मोजून घ्या, जुने कपॅसिटर बदलून घ्या. कळफलकाखालची प्लॅस्टिकची पातळ पट्टी इतक्या वर्षांत कडक होऊन तुटते. ती नवी मिळते.

यंत्र सुरू झालं की टेपरेकॉर्डरऐवजी मोबाइलही चालतो. फ्यूजच्या साधनांतल्या ‘टेपटूवेव्ह’ने टीझेडएक्सची पुन्हा वेव्ह करा, ती मोबाइलवर घ्या, तार स्पेक्ट्रमच्या ‘इअर’ लिहिलेल्या भोकात लावा. आवाज जवळजवळ पूर्ण, इक्वलायझर बंद, आणि फोन विमान-मोडवर. लोडिंगच्या मध्ये एखादा संदेश वाजला की पहिल्यापासून. ब्लूटूथ अजिबात नको.

पायरी ५: खेळायला बसण्याआधी खोलीतली माणसं ओळखा

तुम्ही जिम हॅकर, ब्रिटनचे पंतप्रधान. तुमच्यापुढे एका आठवड्याचा कारभार आहे. कर्सर खोलीत फिरवून वस्तू निवडायच्या, फोन घ्यायचा, कागद वाचायचे, माणसांशी बोलायचं आणि दिलेल्या उत्तरांपैकी एक निवडायचं. प्रत्येक निर्णयाचा परिणाम तुमच्या लोकप्रियतेवर होतो.

सर हम्फ्री हे कॅबिनेट सेक्रेटरी. हे पद आपल्याकडे दिल्लीतही त्याच नावाने आहे, आणि राज्यात त्याच्या जागी मुख्य सचिव असतात. मंत्रालयात ज्यांचं कधी काम पडलं असेल त्यांना हम्फ्री समजावून सांगावा लागणार नाही. मंत्री पाच वर्षांसाठी येतो, अधिकारी तीस-पस्तीस वर्षांसाठी. मंत्र्याने काहीही ठरवलं तरी त्याची फाईल कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर, किती दिवसांनी जाणार, हे अधिकाऱ्याच्या हातात. ‘चर्चा करावी’ असा एक शेरा पडला की फाईल पुढच्या अधिवेशनापर्यंत हलत नाही. बर्नार्ड हा पंतप्रधानांचा मुख्य खासगी सचिव. त्याची निष्ठा दोन्हीकडे आहे: रोज ज्यांच्यासमोर उभं राहायचं ते पंतप्रधान, आणि ज्यांच्या हाती पुढची बढती आहे ते वरिष्ठ. तो खोटं बोलत नाही, पण विचारल्याशिवाय सगळं सांगतही नाही. त्याला दिलेल्या वेळेचा मोबदला मिळतो.

थोडा काळही लक्षात असू द्या. हे १९८६-८७ चं ब्रिटन आहे. शीतयुद्ध चालू आहे, पोलारिस जाऊन ट्रायडंट क्षेपणास्त्रं येणार की नाही हा वाद तापलेला आहे, युरोपीय समुदायाशी खटके उडताहेत आणि वर्तमानपत्रं रोज सकाळी नवं प्रकरण काढताहेत. ‘येस, प्राइम मिनिस्टर’चा पहिलाच भाग ट्रायडंट रद्द करण्याच्या हॅकरच्या मनसुब्यावर आहे. जे आणि लिन यांनी मालिकेसाठी सरकारात काम केलेल्या लोकांकडून आतल्या गोष्टी गोळा केल्या होत्या, त्यामुळे त्यातले पेच कपोलकल्पित वाटत नाहीत. जमल्यास खेळापूर्वी मालिकेचे दोन-चार भाग जरूर पाहा. हम्फ्रीचा आवाज एकदा कानात बसला की पडद्यावरचा मजकूर तुम्ही त्याच आवाजात वाचू लागता आणि कुठे गोम आहे ते पटकन कळतं.

आणि पडद्याबद्दल एक गोष्ट. स्पेक्ट्रमवर एका ओळीत ३२ अक्षरं मावतात, पडद्यावर २४ ओळी. आख्ख्या पडद्यात ७६८ अक्षरं, तीही चित्राला जागा न ठेवता. मालिकेत हम्फ्री एका दमात जे वाक्य बोलतो तेवढ्याने अर्धा पडदा भरेल. एवढ्या जागेत त्या माणसाचा स्वभाव उतरवायचा म्हणजे शब्द फार तोलून वापरावे लागतात. खेळ करणाऱ्यांची ही मेहनत मनापासून दाद देण्याजोगी आहे. म्हणून इथे एकही ओळ भरतीची समजू नका.

पायरी ६: आठवडा खेळा

शेजारी वही ठेवा. प्रत्येक दिवसाला एक पान. डाव्या बाजूला कोण आलं आणि काय मागितलं, मध्ये तुम्ही काय उत्तर दिलं, उजवीकडे त्याचा पुढे काय परिणाम झाला. हा खेळ डोक्यात धरून खेळता येत नाही. सकाळी एकाला दिलेला शब्द संध्याकाळी दुसऱ्याला दिलेल्या शब्दाशी जुळतोय का, हे वहीशिवाय कळत नाही.

पहिल्या बैठकीत काहीही ठरवायच्या आधी खोलीभर कर्सर फिरवा. कोणत्या वस्तू हाताला लागतात, कोणत्या नुसत्या चित्रात आहेत, हे बघून वहीत लिहा. कागद आधी, माणसं नंतर. समोर आलेला माणूस ज्या विषयावर बोलतो त्याचा कागद तुम्ही वाचलेला असला तर त्याने काय गाळलं ते दिसतं. आणि हम्फ्रीने काय सांगितलं यापेक्षा काय गाळलं हेच जास्त मोलाचं असतं.

प्रत्येक दिवसाच्या सुरुवातीला एफ२ दाबून वेगळ्या नावाचा स्नॅपशॉट ठेवा. मोठ्या निर्णयाआधीही एक. स्नॅपशॉट ठेवणं म्हणजे फसवणूक असं काही जण मानतात. मला ते पटत नाही. १९८७ मध्ये खेळणाऱ्याकडे सुट्टीचे लांब दिवस होते, तुमच्याकडे रात्री जेवणानंतरचा अर्धा तास आहे. मात्र एक पथ्य पाळा: उत्तर आवडलं नाही म्हणून लगेच मागे जायचं नाही. तो दिवस आधी पूर्ण होऊ द्यायचा.

उत्तर निवडताना हम्फ्रीच्या विशेषणांकडे लक्ष ठेवा. मालिका पाहिलेल्यांना माहीत आहे की एखादा निर्णय ‘धाडसी’ आहे असं तो म्हणाला, की हॅकरच्या अंगावर काटा येतो. कौतुक जितकं भारी तितका धोका मोठा. उलट तो फार तपशिलात शिरून विरोध करू लागला तर समजावं की त्या गोष्टीत जनतेचा फायदा आहे आणि खात्याचा तोटा. समिती नेमू, अहवाल मागवू, योग्य वेळी पाहू, असं सुचवलं गेलं तर तो विषय मेला असं धरून चाला. तो मरायला हवा आहे की नको, हे तुम्ही ठरवायचं.

लोकप्रियतेचा आकडा मात्र देव मानू नका. मालिकेत एका भागात हम्फ्री बर्नार्डला दाखवून देतो की प्रश्नांची मांडणी बदलली तर एकच माणूस सक्तीच्या लष्करी सेवेला आधी पाठिंबा देतो आणि लगेच विरोधही करतो. हे ध्यानात ठेवून आकडा वाचा. एका दिवसात तो घसरला म्हणजे आठवडा हरला असं नाही. कधी एक कडवट निर्णय लवकर घेऊन टाकणं पुढच्या दोन पेचांतून सोडवतं.

आठवडा तीनदा खेळावा असं मी सुचवेन, आणि तिन्ही वेळा वेगळ्या माणसाच्या नजरेने. पहिल्यांदा स्वतःच्या मनाने, कोणतीही मदत न घेता. दुसऱ्यांदा हम्फ्री जे म्हणेल त्याला प्रत्येक वेळी होकार देत. ही फेरी बरंच शिकवते, कारण त्याचं ऐकून नक्की काय मिळतं आणि काय जातं याचा हिशेब वहीत स्पष्ट दिसतो. तिसऱ्यांदा पहिल्या फेरीच्या वहीतला ज्या दिवशी सर्वात जास्त नुकसान झालं तो दिवस शोधा, त्या सकाळचा स्नॅपशॉट उघडा, आणि एका वेळी एकच उत्तर बदला. दोन बदललीत तर कशामुळे काय झालं ते कळणार नाही. असा एक दिवस नीट उकलला की बाकीच्या दिवसांतली गणितंही सुटत जातात.

खेळायला दुसरं कोणी असेल तर फारच छान. एकाने हम्फ्रीची वाक्यं मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने उत्तर निवडायचं. इंग्रजीचा सराव कमी असलेल्या मुलांनाही असं खेळता येतं. वाक्य थांबवून अर्थ सांगायचा, मग ‘आता हा माणूस खरं काय मागतोय?’ असं विचारायचं. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना हा प्रश्न फार आवडतो, आणि ती बरेचदा मोठ्यांच्या आधी बरोबर उत्तर देतात.

आठवडा संपल्यावर वेव्ह, टीझेडएक्स आणि सूचनापत्रिकेचं स्कॅन एकाच फोल्डरमध्ये ठेवा. नावात यंत्र, साल आणि कॅसेटची बाजू लिहा. एक प्रत वेगळ्या डिस्कवर. मूळ कॅसेट पूर्ण सुरुवातीपर्यंत गुंडाळून, सिलिका जेलच्या पुडीसोबत झिपच्या पिशवीत, स्पीकर आणि मोटारपंपापासून दूर, उभी ठेवा. पावसाळा सुरू होण्याआधी दरवर्षी ती पुडी बदला आणि फीत एकदा पुढे-मागे फिरवून घ्या.